नव्या कुलपाचं लॉगिन
लग्न होऊन रुचिरा मुलुंडच्या घरात आली त्याला वर्षही झालं नव्हतं. नवऱ्याने दाराला स्मार्ट कुलूप बसवलं आणि सगळ्यांचं लॉगिन तपासायला घेतलं. रुचिराने मोबाइलवर पासवर्ड टाकला. ‘आपण पाहुणे आहात. घरमालकाची परवानगी घ्या,’ फोन मोठ्याने बोलला. तसंही या घरात ती डबा उघडतानाही विचारायची; आता तिला कानकोंड्यासारखं झालं. मासळी साफ करायची सोडून सासूबाई स्वयंपाकघरातून तरातरा आल्या. “हीका पावणी कोणी केल्यान?” नवरा गडबडला. “आई, अ‍ॅपला मालक एकच लागतो. घर तुझं, म्हणून तुझं नाव टाकलंय.” “मग माझां काढ, हिचां घाल. उद्या घर हीच सांभाळतली.” त्याने नाव बदलताच सासूबाई बाहेर गेल्या, दार ओढून घेतलं आणि ओरडल्या, “मालकीणबाई, माका आत घेवा!” रुचिराने बटण दाबलं. दार उघडताच तिने त्यांना मिठी मारली, मासळीच्या हातांसकट.