शेंदराखालचा मैल

तीस वर्षं मैलकुली म्हणून रस्त्यावर राबलेल्या समदचाचांनी जुन्या रस्त्यांचा अभ्यास करणाऱ्या निकिताला निजामाच्या काळातला मैलाचा दगड दाखवायला म्हणून आणलं, आणि समोरचं बघून त्यांनाच शिसारी आली. दगडावर बोटभर जाड शेंदूर चढला होता. त्यावरून तेलाचे ओघळ, पायाशी नासके नारळ आणि त्यांवर घोंघावणाऱ्या माश्या.

"दर दिवाळीला चुना मारायचो म्या ह्याला. 'परांडा सात मैल', उर्दूत बी आन मराठीत बी, लख्ख दिसायचं," म्हणत चाचा नखानं शेंदूर खरवडायला वाकले.

तोच पत्र्याच्या शेडमधून पुजारी बजरंग ओरडला, "अवो चाचा, लांब व्हा! जागृत देव हाय. तुमच्या हातानं बाटंल."

"कधीपासून आहे हा देव?" निकितानं विचारलं.

"दोन वर्सं झाली. रस्ता रुंद करताना मशीननं सगळे दगड उपटून नाल्यात ढकलले. ह्याच्यापाशी आलं, तर पहाटं ह्याला आपोआप शेंदूर फुटलेला! डायवरनं हात जोडले आन मशीन वळवलं."

चाचा पचकन थुंकले आणि तरातरा गाडीकडं निघाले. निकिता मागून धावली. "जाऊ द्या, चाचा. त्या शेंदरामुळंच दगड वाचला ना?"

"वाचावा म्हणूनच सोनारीच्या देवळाहून शेंदूर आणला व्हता, पोरी," चाचा म्हणाले. "आन फासला बी ह्याच हातानं."