वेशीतला खिळा

शहराच्या जुन्या वेशीचा सागवानी दरवाजा उतरवायला मजूर आले तेव्हा सोजरबाई एका खिळ्यावर तळहात ठेवून उभी होती. गावची रीत होती: पोटासाठी परगावी निघालेल्यानं दरवाजात खिळा ठोकायचा, परतल्यावर आपल्याच हातानं उपटायचा. न परतलेल्यांचे खिळे दीडशे वर्षं गंजत होते. वाशिमचा बायपास झाला, वेस ओस पडली. “मावशी, तुमचं कोण गेलं?” मुकादमानं विचारलं. “पोरगा. पुण्याले.” “आलाच नाही?” “येते ना, दर दिवाळीले. गाडीनं बायपासवरून येते, मोबाईल पाहत बसते, तिकूनच जाते.” तिनं फोन लावला. “बाबू, वेशीचं दार काढून राह्यले. तुहा खिळा उपटाले ये.” “आई, तूच उपट ना. एका खिळ्यासाठी कसं येऊ?” मुकादमानं पक्कड पुढं केली. “नाही भाऊ, खिळ्यासकट फळी कापून द्या. माहं लेकरू अजून घरी यायचं हाये.”