एका माणसाची गाडी

"काका, हीच गाडी का घेताय?" शोरूममधल्या टायवाल्याने फॉर्म पुढे ओढून विचारलं. कंपनीला कळवावं लागतं, म्हणाला. मायलेज, दिसणं, मित्राचा सल्ला, जाहिरात. चारांपैकी एकावर खूण केली की चावी हातात.

पाववाला खुर्चीत बसला होता, पण नावालाच. टाच जमिनीवर टेकत नव्हती. तीनदा उठून पाणी पिऊन आला, दोनदा नुसता त्या मोटारसायकलला हात लावून आला. चाळीस वर्षं पहाटे पावाचे क्रेट बांधून पोहोचवले त्याने. आता ते काम मुलाने टेम्पोवर घेतलं होतं आणि याची वाट बघणारं कुणी उरलं नव्हतं. तो म्हणाला, लिहा काहीही. टायवाला म्हणाला, काहीही असा रकाना नाही.

"मायलेज," पाववाला म्हणाला.

शेजारी त्याची बायको मांडीवर पर्स घेऊन बसली होती. तिला हसू आलं. मायलेज म्हणे! ही गाडी लिटरमागे त्याच्या जुन्या गाडीच्या निम्मंसुद्धा चालणार नाही, हे त्या टायवाल्यानेच मघाशी दोघांना सांगितलं होतं. रंग मातकट, टाकी गाभण म्हशीच्या पोटासारखी. शेजारी ओळीने बारा गाड्या पुसून ठेवलेल्या, लांब सीटच्या, ऐसपैस. सकाळपासून तिने त्याला एकेक दाखवली, आणि हा मान हलवून परत हिच्याचपाशी.

गाडीला मागे सीट नव्हती. एका माणसाचं बूड टेकेल एवढी जागा, त्यामागे नुसता पत्रा.

ते तिने आल्याआल्याच पाहिलं होतं. बोलली नव्हती. ती गप्प बसली की त्यांच्या घरात मांजरसुद्धा पलंगाखाली जायचं.

"खोटं कशाला लिहायला लावता," ती आता म्हणाली. "लिहा, मागे जागा नाही म्हणून घेतली."

पाववाल्याची टाच थांबली.

टायवाला हसला. त्याला वाटलं, मावशी रुसल्या. तो म्हणाला, एवढंच ना, मागची सीट वेगळी खोक्यात येते, चार बोल्ट, दहा मिनिटांचं काम. मावशींना सोडून काका जाणार कुठे? असं म्हणून त्याने पाववाल्याकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. नको, एवढा एक शब्द तो बोलला असता, तर घरी जाऊन तिने आकाशपाताळ एक केलं असतं. तरी तो शब्द तिला ऐकायचा होता.

"बसवा," तो म्हणाला.

मेकॅनिक पाना घेऊन गाडीमागे उकिडवा बसला. पाववाला शेजारी उभा राहिला. त्याचा चेहरा तिच्या पुरता ओळखीचा होता. सासूला दवाखान्यात न्यायचं, नणंदेला स्टँडवर सोडायचं, गॅसची टाकी, धाकटीची शाळा, आणि ती स्वतः, जी अंगाने कधीच हलकी नव्हती. ज्याने जे मागे ठेवलं ते याने नेलं, आणि दर वेळी चेहरा हा असा. राग नाही, कुरकुर नाही. दोरी घट्ट बसली का, एवढंच बघणारा.

दुसरा बोल्ट बसला. तिने पर्सची चेन उघडली, मिटली, परत उघडली. त्याला कुठे जायचंय हे त्यालाही ठाऊक नसावं. नुसतं जायचं होतं. आणि साठी उलटलेला माणूस एकटा हमरस्त्याला लागला, की तो संध्याकाळी घरी येतोच, असं कोण लिहून देणार? तसाही रकाना त्या फॉर्मात नव्हता.

मेकॅनिकने तिसरा बोल्ट उचलला.

"काढा ती," ती म्हणाली.

पाववाला म्हणाला, अगं असू दे, बसतेय ना नीट. ती म्हणाली, मला नाही बसायचं, माझे गुडघे काय भाड्याने आणलेत? तो तिच्याकडे बघतच राहिला.

"अहो, तोंडाकडे काय बघताय. सही करा."

सीट परत खोक्यात गेली. गाडी उतारावरून फाटकाशी आली. त्याने हेल्मेट चढवलं, बटण दाबलं, आणि शोरूमची काच थरथरली. मग तो तिथेच थांबला. क्लच दाबलेला, डावा पाय जमिनीवर, पाठ ताठ.

काही बिघडलं म्हणून टायवाला धावत निघाला. तिने त्याच्या बाहीला धरून त्याला मागे ओढलं. बिघडलं काही नव्हतं. चाळीस वर्षं ती मागे बसायची, अंग सावरायची आणि "हं" म्हणायची. त्याशिवाय याने कधी क्लच सोडला नव्हता. आपण आता का थांबलोय, हे बहुधा त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

ती पायरी उतरली नाही.

"हं," ती म्हणाली.

इंजिनाच्या त्या आवाजात ते त्याच्या कानापर्यंत गेलं असेल असं नाही. पण गाडी सुटली. फाटकाबाहेर पडली आणि डावीकडे वळली. घर उजवीकडे होतं.

तिने टायवाल्याला विचारलं, घरी जायची बस कुठून मिळते. तो म्हणाला, बसा ना मावशी, काका एक फेरी मारून येतीलच.

"तुम्ही बसचं सांगा," ती म्हणाली.