सोळाव्या पानावरची चौकट

चित्रकारबाईंना स्वतःची लेक सोळाव्या पानावर सापडली. फक्त चौकट चुकली होती.

पहिलीच्या पुस्तकातलं ते विरुद्धार्थी शब्दांचं पान. उंच आणि बुटका, स्वच्छ आणि मळका, आणि शेवटची जोडी सुंदर आणि कुरूप. ‘सुंदर’साठी बाईंनी लेकीला स्टुलावर बसवून चित्र काढलं होतं. सावळी, बसक्या नाकाची, पुढचे दोन दात पडलेले, तरी तोंडभर हसणारी. प्रूफात ‘सुंदर’च्या चौकटीत भलतीच कोणी होती. गोरीपान, आणि नाक इतकं धारदार की सर्दी झाली तर पुसताना बोट कापावं. लेक शेजारी सरकली होती. ‘कुरूप’वर.

“साहेब, हे काय?”

“जमलंय ना?” संपादक चष्मा पुसत म्हणाले. “तुमचं चित्र वाया जाऊ दिलं नाही बघा. ‘सुंदर’ला ते चालेना हो, मुलांचा गोंधळ उडतो. मग साबणाच्या जाहिरातीवरून ही करून घेतली. आणि तुमची सहज शेजारी टाकून पाहिली, तर एकदम फिट्ट! चार शाळांत दाखवलं. पन्नासातल्या अठ्ठेचाळीस पोरांनी बरोबर बोट ठेवलं.”

“आणि उरलेली दोन?”

“त्यांचे डोळे तपासायला सांगितलेत.”

“अठ्ठेचाळिसांना हे शिकवलं कुणी?”

“शिकवायला कशाला लागतं? घरोघरी टीव्ही आहे की.”

“मग हे पान कशाला छापताय?”

संपादकांनी घड्याळाकडे पाहिलं. पुस्तक चार वाजता छपाईला जायचं होतं. “बाई, दोन लाख प्रती निघायच्यात. एका चित्रापायी अडून बसू नका. चित्रच तर आहे.”

“माझी मुलगी आहे ती.”

चष्मा पुसणारा हात थांबला.

“अहो, मग आधी बोलायचं नाही का! तसं पाहिलं तर गोड आहे हो.”

“कसं पाहिलं तर?”

त्यावर संपादकांनी पाण्याचा ग्लास उचलला. बाईंचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. “सुट्टी संपली की हे पुस्तक तिच्याच वर्गात वाटणार. बाकावर उभी राहून सगळ्यांना सांगून आलीय, मी पुस्तकात येणार म्हणून. रोज विचारते, कितव्या पानावर?”

“बरं, बरं. काढून टाकू तिला. मुलांच्या बाबतीत मी फार हळवा आहे.” संपादकांनी कोरा कागद पुढे सरकवला. “त्या जागी दुसरी कोणीतरी काढून द्या, चारच्या आत. पण अशीच हं. हात बसलाय तुमचा.”

बाईंनी पर्समधून पेन्सिल काढली. टोक केलं. सावकाश, ब्लेडने, साल संपादकांच्या टेबलावर पडू देत. मग टेबलाच्या कोपऱ्यातली फोटोची फ्रेम आपल्याकडे वळवली. संपादकांची नात. आल्यागेल्याला त्यांनी ती कौतुकाने दाखवलेली. सावळी, पुढचे दोन दात पडलेले, तोंडभर हसणारी.

बाईंनी फोटोकडे नीट पाहिलं आणि कागदावर हनुवटीची पहिली रेघ ओढली.

संपादकांनी झडप घालून फ्रेम उचलली. खणात ठेवली, पालथी. खणाची किल्ली फिरवली आणि खिशात टाकली.

बाईंची पेन्सिल त्या रेघेवरच टेकलेली होती.

“मग कुणाची मुलगी घालू, तेवढं सांगा,” त्या म्हणाल्या. “चार वाजत आलेत.”