सरकारांकडे पाठ

नलवडे मास्तर पहाटेपासून शाळेच्या दारात पहिल्या नंबरावर उभे होते. संस्थान विलीन झालं होतं आणि आज पहिलंवहिलं मतदान होतं. सात वर्षांपूर्वी दरबारात अर्ज फेटाळला गेला, तेव्हा राजांकडे पाठ फिरवून ते तडक निघून आले होते. तेवढ्या गुन्ह्यापायी त्यांनी दीड वर्ष तुरुंगात खडी फोडली होती.

मोटार थांबली. राजेसाहेब उतरले आणि निमूटपणे रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. मास्तरांचा ऊर भरून आला.

पण पुढच्याच क्षणी मास्तरांमागची अख्खी रांग गर्रकन वळली. सरकारांकडे पाठ कोण करणार? माणसं त्यांच्याकडे तोंड करून, हात जोडून उभी राहिली. कारकून पुकारून दमला, पण कोणी पाऊल उचलेना.

"अरे, आता ते राजे नाहीत! आपल्यासारखेच मतदार आहेत. वळा इकडे!" मास्तर घसा फोडून ओरडले. कोणी मानसुद्धा हलवली नाही.

राजेसाहेब ओशाळले. "वळा ना, बाबांनो," ते हळूच म्हणाले. लोक नुसते चुळबुळले. सरकारांची विनंती त्यांनी जन्मात ऐकली नव्हती. अखेर राजेसाहेबांचा आवाज चढला, "वळा! हुकूम आहे आमचा!"

रांग एका झटक्यात सरळ झाली.

मास्तरांच्या मागेच त्यांची बायको हौसाबाई होती. दर रविवारी तुरुंगाच्या दारात भाकरी घेऊन तीच यायची. पदराने घाम टिपत ती म्हणाली, "सरकारांनी हुकूम दिला म्हणून बरं. नाहीतर आज मतं राहिलीच असती की हो आपली."