रविराजचा फटका

"सर, कॉर्नर मी घेत नाही. दुसऱ्या कुणाला तरी द्या," रविराज बाकाकडे बघून ओरडला.

हॉकीच्या उपांत्य सामन्याची चार मिनिटं उरली होती. संघ एका गोलनं मागे होता आणि पेनल्टी कॉर्नर मिळाला होता. सर्जेराव सरांनी हाताची घडी सोडली नाही.

"घे म्हटलं ना!"

रविराज वर्तुळाच्या टोकावर उभा राहिला. या मोसमात कॉर्नरवर त्यानं अकरा गोल मारले होते. चेंडू आला. समोरून प्रतिस्पर्धी बचावपटू थेट अंगावर धावत निघाला, आणि रविराजला त्याच्या जागी दत्तप्रसाद दिसला. मनगट ढिलं पडलं. चेंडू कसाबसा गोलकीपरच्या पायाशी जाऊन थांबला.

संघ हरला.

तीन आठवड्यांपूर्वी, शनिवारी सकाळच्या सरावात, असाच कॉर्नर होता. फटका रविराजचा होता आणि गोलरेषेवरून पुढे धावत आला होता दत्तप्रसाद, त्यांच्याच संघाचा शेवटचा बचावपटू. चेंडू त्याच्या डाव्या पायावर बसला, गुडघ्याच्या जरा खाली, पॅड जिथं संपतं तिथं. दत्ता कोसळला. सगळे धावले. मिनिटभरानं तो उठून बसला आणि पाय चोळत म्हणाला, "एवढंच? सकाळी जेवून नाही का आलास?"

सगळे हसले. रविराजही हसला. ते हसणं त्याला नंतर फार छळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज आला. दत्ताचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत सळई बसवली. वर्षभर खेळणं बंद, आणि पुढचं पुढे बघू, असं डॉक्टर म्हणाले.

दत्ता गेला आणि मागची बाजू मुकी झाली. तो मागून सारखा ओरडायचा, "डावीकडे बघ! सोडू नको! परत ये!" त्या आवाजाच्या भरवशावर बाकीचे पुढे जायचे. त्याच्या जागी आलेला रोहन चांगला खेळायचा, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. शिवाय चेंडू वेगानं आला की तो पाय मागे घ्यायचा. त्याला कोण बोलणार? सगळ्यांनी दत्ताचा पाय पाहिला होता.

हरल्यावर आठवड्यानं सर्जेराव सरांनी राजीनामा दिला. "पूर्ण पॅड घातल्याशिवाय पोराला कॉर्नरसमोर उभं केलं. चूक माझी," एवढंच ते म्हणाले. नंतर तिघं जण दुसऱ्या क्लबात गेले. उरलेले सरावाला येत, दोन फेऱ्या मारत आणि घरी जात.

रविराज दर रविवारी बिबवेवाडीला दत्ताच्या घरी जायचा. दार त्याचे वडील, कोंडीरामकाका, उघडायचे. "ये," म्हणायचे आणि नजर न देता आत वळायचे. दत्ताला उचलून न्हाणीघरात तेच न्यायचे, पायाखालची उशी तेच नीट करायचे. कंपनीत त्यांनी बिनपगारी रजा टाकली होती. दत्ताची आई, शकूकाकू, चहा आणून ठेवायच्या आणि लगेच आत जायच्या. आपल्याला या घरात कुणी माफ केलेलं नाही, हे रविराजला कळत होतं. त्यांचं काही चुकत होतं असंही त्याला वाटत नव्हतं.

एक दत्ताच तेवढा म्हणायचा, "तुझी काही चूक नाही रे." तेही खिडकीकडे बघून.

त्या रविवारी रविराज म्हणाला, "राज्याच्या कॅम्पचं पत्र आलंय. मी नाही जाणार."

"डोकं फिरलंय का?"

"मारायला गेलो की समोर तूच दिसतोस. ज्यानं मित्राचा पाय मोडला, त्यानं कशाला खेळायचं? सोडलं मी हॉकी."

दत्ता काही तरी बोलणार होता. त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथं कोंडीराम उभे होते. दत्तानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

रविराज उठला. दोन जिने उतरून फाटकापाशी आला, तेव्हा मागून पावलं वाजली. कोंडीराम अनवाणीच खाली आले होते.

"काका, मला माफ करा," रविराज म्हणाला. इतक्या रविवारांत हे त्याला जमलं नव्हतं.

"माझ्याकडं माफी मागू नको. कॅम्पाला जा."

"कसा जाऊ?"

कोंडीरामांनी फाटकाची सळई घट्ट धरली. पहिल्यांदाच त्यांनी रविराजकडे सरळ पाहिलं.

"त्या शनिवारी दत्ता चालत घरी आला हुता. लंगडत, पण चालत. पाय नुसता काळानिळा झाला हुता."

"मग हाड मोडलं कसं?"

"त्याच सकाळी आमच्या कंपनीत त्याची मुलाखत हुती. सायबाच्या हातापाया पडून मी ठरवली हुती. सायेब तासभर वाट बघत बसला. मी दारातच इचारलं, कुठं हुतास? तर म्हणाला, मैदानावर."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. त्यांनी आवाज खाली आणला.

"दवाखान्यात डॉक्टरनी इचारलं, तवा चेंडू लागला म्हणून दत्तानंच सांगितलं. मी नुसती मान हलवली."

"काका..."

"शकू मधी पडली," कोंडीराम म्हणाले, "म्हणून एकाच पायावर थांबलो."