न दुखलेला दिवस

दीड वाजता सुखरामची सायकलरिक्षा भिलाईच्या सेक्टर दोनमधल्या क्वार्टरसमोर येऊन उभी राहिली, तेव्हा रंभाचं काहीच दुखत नव्हतं.

तिचा तिलाच विश्वास बसेना. तीन वर्षांपासून सांधे धरत होते. कोणत्या दिवशी धरतील ते डॉक्टरलाही सांगता येत नव्हतं. आज मात्र गुडघे हलके, बोटं मोकळी. तिने एका बैठकीत वीस सांजोऱ्या लाटल्या, तळल्या, मग हिरवं लुगडं नेसून तयार झाली. तुमसरहून तिची आई गावच्या बायांसोबत जगन्नाथपुरीला निघाली होती. पॅसेंजर तीनच्या सुमाराला भिलाई-तीन नावाच्या स्टेशनात पाच मिनिटं थांबणार होती. चार वर्षांत मायलेकींची भेट नव्हती. नवरा तेजराम पोलादाच्या प्लांटमधली पहिली पाळी सुटली की परस्पर सायकलने स्टेशनावर जाणार होता. रिक्षा त्यानेच सांगून ठेवली होती.

सांजोऱ्यांचा डबा घेऊन रंभा दारात आली आणि पायरीशी थबकली.

गेल्या महिन्यात अशीच, काही दुखत नाही म्हणून सुपेल्याच्या बाजारात गेली होती. कांदे निवडता निवडता गुडघ्यांनी दगा दिला आणि ती भर रस्त्यात खाली बसली. दोन परक्या माणसांनी उचलून तिला रिक्षात घातलं. सगळा बाजार बघत होता. आज फलाटावर तसंच झालं तर? सगळी मिळून पाच मिनिटं, आणि त्यात आईने काय पाहायचं? लेकीला उचलून नेताना? पुरीपर्यंत म्हातारी तेच डोळ्यांत घेऊन जाईल.

"चल न बाई, गाडी के टैम होगे," सुखराम म्हणाला.

रंभाने डबा त्याच्या हातात दिला. "उनको देना. बोलना, आज मेरे से नहीं होता."

रिक्षा वळणाआड गेली. आता दुखेल, मग दुखेल, म्हणून ती वाट पाहत बसली. मग बादली भरून आणली. अंगण झाडलं. मुद्दाम दोनदा उकिडवी बसून पाहिलं. गुडघे मुकाट्याने वाकले, मुकाट्याने सरळ झाले.

तीन वाजले. गाडी आली असेल. गेली असेल.

तेजराम आला तो घामाने निथळत. "गाडी सुटेपर्यंत मायची नजर फलाटावरच होती," तो म्हणाला. "मी सांगतलं, आज लयच दुखून राहिलं तिले. डब्बा उघडला अन् रडाले लागली. म्हने, एवढ्या दुखन्यातबी माह्यासाठी लाटत बसली पोर."

रंभा लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत राहिली.

"खूपच दुखलं का वं आज?"

त्याच्या आवाजात संशय नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"हो," ती म्हणाली.

तेजरामने अंगातला शर्टही काढला नाही. शेगडीवर वाटीभर तेल कोमट केलं, तिच्यापुढे जमिनीवर बसला आणि तिचे गुडघे चोळू लागला, अगदी हलक्या हाताने.

"इथं दुखते?"

तिने हो म्हणून मान हलवली.

"अन् इथं?"

तिने पुन्हा मान हलवली.